पत्राच्या दराने पाठवलेली बंडी

हिवाळ्यात पार्सल जात नाही. आमच्या न्यूफाउंडलंडच्या उत्तर किनाऱ्यावर हा नियम लहान पोरांना प्रार्थनेआधी ठाऊक असायचा. खाडी गोठली की आगबोट बंद, आगबोट बंद की टपाल कुत्र्यांच्या स्लेजवर, आणि स्लेजवर फक्त पत्रं. पार्सलाचा दर पौंडावर, पत्राचा औंसावर. उन्हाळ्यात ज्या पैशांत अख्खं ब्लँकेट जायचं, त्यात हिवाळ्यात जेमतेम मोजा जायचा.

पण पत्र किती जाड असावं हे आमच्या पोस्टमास्तरांच्या पुस्तकात कुठेच सापडत नव्हतं. तिकिटं पुरेशी लावली की ते पत्र. मग काय विचारता! एका शहाण्याने भावाला बुटांचा जोड दोन पाकिटांतून धाडला. डावा एका टपालाने, उजवा पुढच्या. उजवा पोचेपर्यंत भाऊ पाय मोडून घरी बसला होता.

असली पत्रं वाहायची सेलिना पार्डी, माझी सख्खी आत्या. आमच्या पिंचर टिकल गावापासून रॅगेड आर्म गावापर्यंत, जाऊन-येऊन चार दिवस, निम्मी वाट गोठलेल्या खाडीवरून. टपालाचा मूळ ठेका तिच्या नवऱ्याचा, जोबचा. जोब आदल्या वर्षी मार्चात सीलच्या शिकारीला गेला आणि दोन हिमखंडांमध्ये सापडून चिरडला गेला. घरी त्याचा कोट तेवढा आला. त्यानंतर आत्याने रडायला किती वेळ घेतला मला माहीत नाही, पण पुढचं टपाल वेळेवर गेलं.

ती नाजूक बाई नव्हती. कुत्र्यांशी ती चाबकाने बोलायची आणि माणसांशीही फारसं वेगळं वागायची नाही. "बाईमाणसाने चूल सांभाळावी," असं धक्क्यावर कुणीसं म्हणालं, तेव्हा तिने हातातल्या गोठलेल्या कॉड माशाने त्याचं नाक फोडलं. नाक फुटलेला माणूस माझा बाप. तिचा थोरला भाऊ.

शरद ऋतूत शहरातून टपालखात्याचा इन्स्पेक्टर आला होता. त्याने स्वच्छच सांगितलं, "बाई, ठेका नवऱ्याच्या नावाचा आहे. मे महिन्यापर्यंत चालवा, मग तुमच्या नावाने करायचा की नाही ते बघू. पण थैलीवरची लाखेची एक मोहोर तुटली, तर मेची वाट बघणार नाही." ठेका गेला असता तर आत्याला व्यापाऱ्याच्या ओट्यावर मासे वाळत घालायला जावं लागलं असतं, आणि दोन्ही पोरींना शहरात कुणाच्या तरी घरी भांडी घासायला. धाकटी आठ वर्षांची होती.

त्या हिवाळ्यात मार्चातच कुत्र्यांचे सुके मासे संपले. सहा कुत्रे अर्ध्या पोटावर होते. पुढारी बोसन, जोबने बाटलीने दूध पाजून वाढवलेला, तोही दोर चावायला लागला होता.

टपाल निघायच्या सकाळी पेशन्स रूस्ट म्हातारी पोस्टात बोचकं घेऊन आली. तिचा मुलगा लेम्युएल रॅगेड आर्मच्या तारघरात नोकरीला होता.

"मावशी, पार्सल जात नाही," पोस्टमास्तर ईलाय मान वर न करता म्हणाला.

"पार्सल कोण म्हणतंय? पत्र आहे."

"हे पत्र? उशी आहे ही!"

"लांबलचक लिहिलंय. तू वजन कर."

ईलायने वजन केलं, दर सांगितला. त्या पैशांत म्हातारीला दोन महिन्यांचा चहा आणि काकवी आली असती. तिने रुमालाची गाठ सोडली आणि पैसे मोजून ठेवले.

ईलायने डोळे बारीक केले. "आत काय आहे, मावशी? नासणारी वस्तू चालत नाही हं. मांस, मासे, काही नाही."

"लोकरीची बंडी. लेकराची छाती नाजूक आहे."

"चाळीस वर्षांचं लेकरू," आत्या दारातून म्हणाली.

"तू तुझी कुत्री हाक, सेलिना. माझ्या लेकाला तुझ्यासारखी बायको मिळाली नाही, तेवढी देवाची कृपा."

बोचकं गोठून दगड झालेलं होतं. वास कसलाच नव्हता. ईलायने ते थैलीत घातलं, तोंड आवळलं, गाठीवर लाख ओतली आणि शिक्का दाबला. आता रॅगेड आर्मच्या पोस्टमास्तराशिवाय ती थैली कुणी उघडली, तर तुरुंग.

दुपारपर्यंत सारं ठीक होतं. मग ऊन पडलं. मार्चातलं ऊन आमच्याकडे फसवं. हवा बोचते, पण स्लेजवरचं कातडं कोमट होतं. खाडीच्या मधोमध बोसन थांबला. आत्याला वाटलं, बर्फात कुठे सीलचं श्वास घ्यायचं भोक असेल. तिने चाबूक ओढला. बोसन वळला, पण पुढे नाही, मागे. त्याच्यामागे बाकीचे पाच. दोर एकमेकांत गुंतले आणि क्षणात सहाही जण स्लेजवर होते.

तेव्हा तिला थैलीच्या तळाचा तांबडा डाग दिसला.

बंडीत सीलचे पर, म्हणजे वल्ह्यासारखे पाय, गुंडाळलेले होते. हंगामातले पहिले, ताजे, रक्ताळलेले. आमच्याकडे त्यांचं कालवण करून वर मैद्याची पारी घालून भाजतात, आणि आईच्या हातच्या त्या पदार्थावर आमचे दाढीवाले बाप्येसुद्धा रडतात. पेशन्सलाही वाटलं असणार, लेकाने वसंत कोरडा का काढावा. तिच्या मनात कुत्रे आलेच नाहीत.

आत्याने चाबकाच्या दांड्याने पहिल्याच्या नाकाडावर हाणलं. तो कोलमडला, दुसरा थैलीला लोंबकळला. ती थैलीवर पालथी पडली. आणि हीच चूक. आमच्या कुत्र्यांपुढे उभा माणूस धनी असतो, पडलेला माणूस मांस. बोसनने तिचा डावा हात तोंडात धरला आणि झटका दिला. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी आला, दुखणं नंतर.

तिच्या कमरेला सुरी होती. थैली फाडून बोचकं दूर भिरकावलं असतं तर कुत्रे त्याच्यामागे गेले असते. कुणीही तेच केलं असतं. मीही केलं असतं. तिने सुरी काढलीही. "मोहोर डोळ्यांसमोर होती गं," ती मला पुढे म्हणाली, "आणि मोहोरेच्या मागे धाकटीचे हात. राखेने भांडी घासणारे."

तिने सुरी बोसनच्या गळ्यात खुपसली.

त्याने हात सोडला नाही. मरता मरता दोन बोटं तोडून घेतली. ती गुडघ्यावर आली, स्लेजला बांधलेली कुऱ्हाड उजव्या हाताने ओढली आणि थैलीला लोंबकळणाऱ्याच्या मानेवर घातली. तिसरा तिच्या मांडीला चिकटला. त्याला तीन घाव लागले, कारण ती ओरडत होती आणि घाव नीट बसत नव्हते. उरलेले तिघे मागे सरले, घुटमळले आणि बोसनवर तुटून पडले.

तिने त्यांना खाऊ दिलं. थैलीवर बसून, हाताला दोरीचा वेढा घालून, जोबने बाटलीने वाढवलेला कुत्रा संपताना ती बघत राहिली. पोटं भरल्यावर तिघे गप्प झाले. मग तिने दोर सोडवले आणि बोसनच्या पट्ट्यात स्वतःचा खांदा घातला.

रॅगेड आर्मला पोचली तेव्हा पोस्टमास्तर गार्लंड दारातच किंचाळला, "अरे देवा! बाई, हात!"

"आधी मोहोर बघ."

"डॉक्टरीण बोलावतो, तू बस—"

"मोहोर बघ, गार्लंड! शाबूत आहे ना? मग पावती लिही."

त्याने लिहिली. मगच ती बसली. शेजारच्या तारघरातून लेम्युएल आला, बोचकं उघडलं आणि पांढराफटक पडला. "मी मागितलं नव्हतं," तो पुटपुटला. "शप्पथ. मी फक्त लिहिलं होतं की आठवण येते."

आत्याने उजव्या हाताने त्याच्या थोबाडीत अशी दिली की तो टेबलासकट आडवा झाला. मग म्हणाली, "तुझं टपाल आहे. टाकू नकोस. शिजव आणि खा." त्याने खाल्लं. समोर बसून तिने खायला लावलं.

पंधरवड्याने, हात बांधलेला, ती पिंचर टिकलला परतली ती थेट पेशन्सच्या अंगणात. तिथे लेम्युएलचे चार धिप्पाड कुत्रे बांधलेले होते. त्यातले तीन तिने सोडले.

"अगं, माझे कुत्रे!" म्हातारी धावत बाहेर आली.

"होते."

"मी चर्चमध्ये सांगेन! ईलायला सांगेन!"

"सांग. बंडीत काय होतं तेही सांग."

म्हातारी उंबऱ्यावर बसली आणि दोन्ही मुठींनी तोंड बडवायला लागली. आत्याने तिचे हात धरले नाहीत. बोसनपेक्षा हे तिघे वाईट होते. महिन्याभरात त्यांना चाबूक समजला.

मेमध्ये इन्स्पेक्टर आला. पावत्या पाहिल्या. एकही मोहोर तुटलेली नाही. हे त्याला कबूल करावं लागलं. मग त्याची नजर तिच्या हातावर गेली. "बाई, नियमाने काही हरकत नाही. पण माणुसकीने विचारतो. तीन बोटांच्या हाताने असली जनावरं आवरतील का? थैलीबरोबर उद्या तुम्हीच—"

तो अंगणात, कुत्र्यांच्या फार जवळ उभा होता. नव्या पुढाऱ्याने त्याच्या कोटावर झेप घेतली. इन्स्पेक्टर मागच्या मागे कलंडला. तो जमिनीला लागायच्या आत आत्याने चाबकाच्या दांड्याने कुत्र्याच्या कानशिलावर हाणलं, तो लोळत गेला, उठला, पुन्हा आला. तिने पुन्हा हाणलं. तिसऱ्यांदा तो पोटावर सरपटत आला आणि तिच्या बुटाशी नाक घालून पडला.

तिने इन्स्पेक्टरला कॉलर धरून उभं केलं आणि त्याच्या कोटावरचा चिखल झाडला.

"ठेका कुणाच्या नावाने लिहायचा ते विचारत होतात ना?" ती म्हणाली. "सेलिना. पार्डी नाही लिहिलंत तरी चालेल, इथे एकच आहे."

त्याने तिथेच, तिच्या स्लेजवर कागद ठेवून सही केली.