दोन निळे पट्टे

सुगनबाई घाबरलेली मी एकदाच पाहिली. एरवी ही बाई चपलेने विंचू मारून पुन्हा फुलके लाटायला बसणारी. जोधपुरात, आमच्या गल्लीत तरी तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. मीही नाही, आणि मी तर तिची सख्खी शेजारीण.

त्या दिवाळीआधी बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला वाळवी लागली होती. म्हणून सकाळी तिने भिंतीवर चुन्याचे दोन पट्टे मारून पाहिले. एक नेहमीच्या निळीचा, दुसरा मोरचूद घातलेला. मोरचूद विषारी, वाळवी त्याच्या जवळ येत नाही. पट्टे वाळले तशी मला हाक आली.

"सांग गं, कुठला बरा दिसतो?"

"मला तर दोन्ही सारखेच दिसतात."

"डोळे आहेत की कवड्या?" असं म्हणत ती पुढे झाली आणि थबकली. डाव्या पट्ट्यावर नखांचे ओरखडे होते.

मागे तिची सून नर्बदा उभी होती. सातवा महिना. ओठांना निळसर चुना लागलेला. आधीचं मूल पाचव्यातच गेलं होतं.

"बीनणी, भिंत खाल्लीस?"

"थोडीशीच, सासूजी. राहवलंच नाही हो."

"कडू लागली?"

"चुन्यासारखी लागली... मला नाही कळलं." नर्बदा रडायलाच लागली.

"कुठला पट्टा कशाचा होता?" मी विचारलं. सुगनबाईनेच मारलेले पट्टे, पण भीतीने तिला काही म्हणता काही आठवेना. चुना कालवलेली भांडीही धुऊन उपडी घातलेली.

"अगं, आठव ना!" मी ओरडले.

तिने भिंतीला तोंड लावलं आणि त्या ओरखड्यांवरून जीभ फिरवली. डोळे मिटून थांबली. मग उजवा पट्टा चाटला आणि लगेच थुंकली. थुंकतच राहिली.

"मोरचूद हा आहे," ती म्हणाली. "हा, उजवा." मग मटकन खाली बसली आणि सुनेच्या पोटाला कवटाळून हमसून हमसून रडली.

उजवा पट्टा तिने त्याच दुपारी खरवडून टाकला आणि सगळी खोली निळीनेच रंगवायला घेतली. संध्याकाळी मुलगा दुकानातून आला आणि कुरकुरला, "माँ, वाळवी अख्खं दार खाईल ना!"

"खाऊ दे दार," सुगनबाई म्हणाली. "माझी बीनणी भिंत खाते."