शामकलाबाईचा राक्षस

पडदा वर जातो.

मागे बांबूच्या दोन खांबांना ताणून बांधलेला मांजरपाटाचा पांढरा पडदा. समोर तणशीवर दाटीवाटीनं बसलेली पोरं. त्यांच्या मागे गोधड्या गुंडाळून आलेल्या म्हाताऱ्या. अगदी शेवटी मोटारसायकलींना टेकलेले जवान पोरगे, ‘आम्ही तर नाटकासाठी आलो’ असा चेहरा करून. दिवाळी सरलेली, हलका धान कापून झालेला, आणि गोंदियाकडल्या गोरेगावजवळच्या एका खेड्यात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरचा गावमेळा, भरलेली. मंडईला दिवसभर पाळणे, जिलेबी आणि पाहुणे. रात्री नाटक. दिवे लागल्यापासून नाटकाची घंटा होईपर्यंतच्या मधल्या वेळात राक्षसाचा सिनेमा.

पडद्याच्या डाव्या अंगाला एक लाकडी स्टूल. त्यावर ठेंगणीशी बाई येऊन बसते. डोक्यावर पदर, हातात माइक. ती माइकवर दोनदा फुंकर मारते आणि एवढ्यावरच पुढची पोरं हसायला लागतात.

ही शामकलाबाई टेंभरे. मी झाडीपट्टीच्या नाटकांत जन्मभर राजे केले. आमच्या राजांच्या आधी त्याच मंचावर हिचा राक्षस येऊन जायचा. आम्ही रंग लावून विंगेत उभे असायचो आणि समोर माणसं हसून हसून आडवी व्हायची. नंतर त्यांना रडवायला आम्हाला दुप्पट घसा ताणावा लागायचा. तरी आमच्यातला एकही नट तिचा सिनेमा संपेपर्यंत विंगेतून हलत नसे.

तिचा नवरा दुर्गाप्रसाद. पोवार जातीतला, धानाची बरी शेती असलेला, पण नांगरापेक्षा मशीनवर जीव जडलेला. त्यानं कुठून तरी सिनेमाचं जुनं मशीन आणि एकाच सिनेमाच्या पेट्या मिळवल्या आणि गावोगावच्या मंडया, जत्रा फिरू लागला. शामकलाबाई कनातीच्या दाराशी बसून माणसं आत सोडायची.

सिनेमा हिंदी होता. त्यात एक राजपुत्र उडत्या खाटेवर बसून राजकन्येला सोडवायला निघतो. पण खाटेचे चार पाय चार दिशांना जायला बघतात, त्यामुळे तो पोचतो कमी आणि पडतो जास्त. राजकन्या ज्याच्या कैदेत आहे तो राक्षस डोंगराएवढा, पण त्याचा जीव एका कोहळ्यात ठेवलेला. तो कोहळा कुणी तरी चुकून त्याच्याच स्वयंपाकघरात नेऊन ठेवलाय. म्हणून रोज जेवायला बसताना तो भेदरून विचारतो, आज भाजी कशाची?

आता यात काय आहे, असं शहाण्या माणसाला वाटेल. पण पोरांना खाटेवरून पडणारा राजपुत्र पुरे. जवानांना राजकन्या. म्हाताऱ्यांना राक्षस, कारण घरातलं सगळ्यांत मोठं माणूस ताटावर बसलं की तेही सुनेच्या हाताकडे असंच बघत असतं. एका सिनेमात प्रत्येकाला आपलं घर सापडायचं.

जंगलातल्या दरेकशाला जत्रेत खेळ होता तेव्हाची गोष्ट. मशीनमधला आवाजाचा छोटा दिवा उडाला. चित्र चालू, आवाज बंद. राक्षस तोंड उघडतो आणि काहीच येत नाही. लोक शिट्ट्या मारू लागले. दुर्गाप्रसाद मशीनला थापा मारत होता. तेवढ्यात दाराशी बसलेली शामकला उठली, खेळाची दवंडी द्यायचा माइक उचलला आणि जाड आवाजात म्हणाली, “काय वो, आज भाजी कायची केली?”

जंगल हललं म्हणे. तिथली निम्मी माणसं गोंडी बोलणारी, हिंदी त्यांना वरवर कळायची, बाजारातली झाडीबोली मात्र रोजची. आजवर ती फक्त पडण्याला हसत होती. त्या दिवशी पहिल्यांदा राक्षस त्यांच्याशी बोलला. शामकला पुढं सगळ्यांचंच बोलली: राजकन्येचं बारीक आवाजात, राजपुत्राचं नाकात, खाटेचं कुरकुरत. खाट हिंदीतही बोलत नव्हती, हिनं तिलाही जीभ दिली.

शेवटी राजपुत्र तलवारीनं कोहळा चिरतो आणि राक्षस धाडकन पडतो. हिंदीत तिथं राजकन्या टाळ्या वाजवते. दरेकशाला मात्र पुढची एक पोरगी ओठ काढून रडायला लागली. बिचाऱ्यानं कोणाचं काय केलं होतं? भाजीच तर विचारत होता. शामकलेनं ते पाहिलं आणि घाईघाईनं माइकवर म्हणाली, “मेलो नाही रे पोट्टेहो, निजलो. उद्या उठतो. माही भाजी झाकून ठेवजा!”

तेव्हापासून सिनेमाचा शेवट तोच.

पुढच्या गावी नवा दिवा लावला, खरा आवाज सुरू झाला, तर लोक ओरडले, “बाईले बोलवा!” दुर्गाप्रसादनं आवाज बंद केला, तो कायमचा.

घरी मात्र सासरा तापला. “सून आहे का भोंगा?” म्हणाला. “पोवाराची बाई गावोगाव राक्षस होऊन राहिली, अन् आम्ही तोंड कुठं दाखवाचं?” त्याला गावच्या मंडईत सिनेमा बघावाच लागला, कारण बसायची दुसरी जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी तो पाटावर बसला, शामकलेनं ताट ठेवलं आणि म्हातारा सवयीनं बोलून गेला, “आज भाजी कायची?” बोलला आणि स्वतःच थबकला. मग मिशीत हसू येऊ नये म्हणून त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, तो ठसका लागला. पुन्हा त्या विषयावर तो कधी बोलला नाही.

पेट्या गेल्या, सीडी आली, सीडी गेली, मग त्याच ओरखड्यांच्या चित्राचा पेन ड्राइव्ह आला. दुर्गाप्रसादही गेला. मशीन मुलाच्या, उमेंद्रच्या हातात आलं. पडदा तेवढा जुनाच, शामकलेनं स्वतः शिवलेला. दिवाळीनंतर आमच्याकडं संध्याकाळपासूनच दंव उतरतं, खेळ संपेतो पडदा ओला होतो. तो सकाळी, धान कापून झालेल्या शेताच्या बांधीत उन्हात पसरायचा, वाळला की मगच घडी घालायची, हा दुर्गाप्रसादचा नेम. एकदाच तो चुकला आणि पडद्यावर बुरशीचा एक काळा डाग कायमचा बसला. राजपुत्र उजवीकडं आला की तो बरोबर त्याच्या गालावर यायचा. शामकला म्हणायची, “पाहा, नजर नको लागाले म्हणून तीट लावली.”

ती हे म्हणायची तो आवाज ऐकायला हवा होता. माझ्या लेखणीत तो नाही.

गेल्या दोन-तीन मंडयांपासून तो आवाज बदलत चालला होता. आधी थोडा खरखरीत झाला, मग फाटल्यासारखा. आता इथं आमच्या झाडीच्या नटांची एक रीत सांगायला हवी. माइक नव्हते त्या काळापासून आमच्याकडं नट मोसमाच्या सुरुवातीलाच घसा फोडून घेतो. आवाज बसला की काळजी करत नाहीत, “पिकून राहिला” म्हणतात. पिकलेला आवाज लांबवर जातो, अशी समजूत. शामकलेचा आवाज फाटला तेव्हा सगळ्यांनी तेच म्हटलं. राक्षस आता खरा राक्षस वाटायचा. लोक दुप्पट हसायचे. गोरेगावच्या बाजारात भाजीवाल्या मुद्दाम तिला हाक मारायच्या, “राक्षसीणबाई, कोहळा नेता काय वो?” ती घोगऱ्या आवाजात “काप मेले, काप माहा जीव!” म्हणाली की अख्खी ओळ हसायची. खोकला झाला तरी ती औषध घेईना. काढा प्याला तर राक्षस पातळ होईल, ही तिची भीती.

गोंदियाला नर्सिंग शिकणारी तिची नात प्रेरणा दिवाळीला घरी आली. आजी दोन वाक्यं बोलली आणि पोरगी हसायची थांबली.

“आजी, हा आवाज बरा नाही.”

“तुले काय समजते? राक्षस पिकून राहिला.”

“गिळताना दुखते काय?”

शामकलेनं हातातला चहा तसाच खाली ठेवला. तेवढंच उत्तर झालं.

गोंदियाच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि नागपूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “तंबाखू खाता का?” ती म्हणाली, “मी गुडाखू घासतो, तंबाखू राक्षस खाते.” गुडाखू म्हणजे गुळात मळलेली तंबाखूच. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी प्रेरणाला बाजूला घेऊन सांगितलं, आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचेल असं वाटतं. बोलणं मात्र राहणार नाही. प्रेरणानं ते आजीला तसंच सांगितलं.

ऑपरेशनची तारीख मंडईच्या पाठोपाठ आली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघायचं होतं.

उमेंद्र म्हणाला, “माय, या साली खेळ नको. डॉक्टरनं बोलूच नको म्हटलं.”

“उद्यापासून जनमभर नाही बोलत,” ती म्हणाली. “आज बोलू दे.”

तिला बाकी काही नको होतं. राक्षस एकदा नीट झोपी जावा, एवढंच.

संध्याकाळी मी विंगेत मिशा चिकटवत होतो. ती आली, माझ्या मुकुटाकडं पाहिलं. मी राजे करतो म्हणून ती मला राजेभाऊच म्हणायची. “राजेभाऊ, एक काम करा. इथंच राहा. माहा आवाज मधात फसला तं तुम्ही बोलजा.”

“बाई, मी राजा. मला राक्षस कुठला जमतो?”

“राजा काय अन् राक्षस काय, जेवाले दोघायलेही लागते,” ती म्हणाली आणि स्टुलाकडं गेली.

मंडईत बातमी फुटली नव्हती. उमेंद्रनं मशीन लावलं. खाट उडाली, खाट पडली. पहिल्या भाजीला लोक हसले, दुसरीला त्याहून जास्त. आवाज शब्दागणिक चिरत होता आणि प्रत्येक चिरेला तणशीवरची पोरं लोळत होती. त्यांना वाटलं, राक्षसाला सर्दी झाली, ही बाईची नवी करामत. माझ्या शेजारी उभी असलेली प्रेरणा पदराच्या टोकानं तोंड दाबून होती. ती हसत नव्हती, हे फक्त मला दिसत होतं.

राजपुत्रानं तलवार उपसली. कोहळा चिरला. राक्षस धाडकन पडला.

शामकलेनं माइक तोंडाशी नेला. ओठ हलले. आवाज आला नाही. तिनं पुन्हा जोर लावला, मानेच्या शिरा वर आल्या, नुसती हवा निघाली. पडद्यावर राक्षस पडून होता. पुढच्या रांगेतलं एक पोर खणखणीत ओरडलं, “मेला काय वो?”

मी पुढं सरकलो. राजाच्या वेशात, एक पाय विंगेबाहेर टाकून. तिनं माझ्याकडं न बघताच हात वर केला. थांबा.

मग तिनं माइक अगदी नाकाशी धरला, डोळे मिटले आणि घोरली.

फाटक्या गळ्याचं ते घोरणं भोंग्यातून असं काही निघालं की बैलबाजारापर्यंत गेलं असेल. क्षणभर कोणाला कळलं नाही. मग ते पोर उभं राहून नाचायलाच लागलं, “निजला! निजला!” आणि सगळं मैदान फुटलं. म्हाताऱ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. मोटारसायकलवाल्यांनी हॉर्न वाजवले. ती घोरतच राहिली, चित्र संपून पडदा पांढरा होईपर्यंत. मी रंगमंचावर पुष्कळ मेलो आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. असं झोपणं मला कधी साधलं नाही.

पहाटे गाडी होती, म्हणून उमेंद्रनं घाईत सामान आवरलं आणि ते तिघं निघून गेले.

ऑपरेशन नीट झालं. शामकलाबाई परत आली, गळ्याला भोक आणि त्यावर पदर. पुढच्या मंडईत उमेंद्रनं सिनेमाचा मूळचा हिंदी आवाज लावला. लोक सभ्यपणे हसले. राक्षस पडला तेव्हा सगळ्या माना डावीकडं वळल्या. ती स्टुलावर बसली होती, माइकशिवाय. आता श्वास गळ्यातून जात होता, घोरणंही राहिलं नव्हतं. तिनं गालाखाली तळहात ठेवून डोळे मिटले. थोडी माणसं हसली. बरीच नाही हसली.

उन्हाळ्यात दुखणं पुन्हा उलटलं आणि ती गेली. कोहळ्याची भाजी तिच्या तेराव्याला करायची की नाही, यावर बायकांत वाद झाला. शेवटी केली.

नागपूरला मी नव्हतो. तिथलं मला उमेंद्रनं सांगितलं. ऑपरेशनच्या दिवशी तिला आत न्यायला स्ट्रेचर आलं, तेव्हा प्रेरणानं तिचा हात धरला आणि म्हणाली, “आजी, काहीतरी बोल ना.” रात्रभराच्या विश्रांतीनं गळा थोडा सुटला होता. पोरीला राक्षस ऐकायचा होता. उमेंद्रला वाटलं, आई आपलं नाव घेईल. वॉर्डबॉयसुद्धा थांबला. शामकलाबाईनं मुलाकडं नीट पाहिलं, काहीतरी आठवून तिच्या कपाळाला आठी पडली, आणि ती म्हणाली,

“पडदा ओलाच घडी केला नं तू? घरी फोन लाव. उनात टाका म्हणा त्याले.”