साधी गाठ म्हणाले होते

माझे यजमान गुजरातेत, पांडेसऱ्यात रंगाच्या मिलमध्ये होते. नमुन्याशी कापडाचा रंग जुळवायचं काम. महिनाभर डोकं दुखतंय म्हणत होते. एके दुपारी जेवताना त्यांचा उजवा हात थडथड उडायला लागला आणि ते ताटावरच कलंडले.

दवाखान्यात एमआरआय काढला. डॉक्टर म्हणाले, "मेंदूच्या आवरणाला गाठ आहे. साधीच दिसते. काढली की मोकळे." मी तिथूनच धुळ्याला सासूबाईंना फोन लावला. ऑपरेशनला दीर आले, ह्यांना चालताना बघून चौथ्या दिवशी परत गेले. शेजारच्या गुजराती बेननं पेढे आणले.

दहाव्या दिवशी टाके काढायला गेलो. ह्यांना आत नेलं आणि डॉक्टरांनी मला समोर बसवलं.

"गाठीच्या तुकड्याचा रिपोर्ट आलाय. साधी नव्हती ती. लिम्फोमा आहे, म्हणजे कॅन्सरच. फोटोत कधी कधी तो अगदी साध्या गाठीसारखा दिसतो. तपासल्याशिवाय कळत नाही."

"मग आता?"

"अजून कुठं आहे का ते बघू. औषधांनी बरे होणारेही असतात."

बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, "झालं ना सगळं?" मी मान डोलावली.

तीन दिवस मी कुणालाच बोलले नाही. सगळ्यांना चांगली बातमी देऊन बसले होते. ती परत कशी घेणार? ते झोपले की मोरीत नळ सोडून रडायची. चौथ्या दिवशी तेच म्हणाले, "डॉक्टर तुला काय म्हणाले, ते सांग."

सांगितलं. ते म्हणाले, "तीन दिवस एकटीच घेऊन फिरलीस?"

केमोचे महिने दोघांनीच काढले. खरं कळल्यावर नातेवाइकांचे फोन यायचे, पण "साधी गाठ होती ना?" एवढं विचारून माणसं गप्प व्हायची. जणू मीच खोटं बोलले होते. हळूहळू फोनही कमी झाले. केमोच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी इतकी बसले, की झाडणारी बाई तोंडानं न सांगता मला नुसती पाय वर घ्यायची खूण करायची.

गाठ परत आलेली नाही. ते मिलमध्ये अर्धा दिवस जातात, पण शब्द चटकन सापडत नाहीत, म्हणून बोलणंच टाळतात. संध्याकाळी घरापुढच्या ओट्यावर मी भाजी निवडते, ते शेजारी बसतात. दिवसभरात काय झालं ते मी सांगत राहते. कधी ते "हं" म्हणतात, कधी तेही नाही.