देवाकडची बाजू

गोरेगावच्या स्टुडिओत मी तीस वर्षं देवळं बांधली. प्लायवूडची, एका शूटिंगपुरती. कॅमेऱ्याला दिसेल ती बाजू झकास, मागे नुसत्या फळ्या आणि खिळे. मागच्या बाजूला रंधा मारणाऱ्याला आमच्यात येडा म्हणतात.

बोरिवलीतल्या आमच्या चाळीने मारुतीचं देऊळ नव्याने बांधायला घेतलं, तेव्हा गाभाऱ्याची चौकट मी देतो म्हणालो. गावाहून आणलेला साग स्वतःच्या दारासाठी जपून ठेवला होता, तोच काढला. दोन महिने सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यात घातला. वेलबुट्टी कोरली, पॉलिश केलं. चौकट बसली त्या दिवशी माझी मान जरा जास्तच ताठ होती, हे कबूल करतो.

प्राणप्रतिष्ठेच्या सकाळी बायको गाभारा पुसायला आत गेली आणि तिने मला हाक मारली.

“अवो, देव हयसूनच बघतलो ना?”

ती मूर्तीच्या रिकाम्या ओट्यापाशी, देव बसणार त्या जागी उभी होती. मी तिच्या शेजारी जाऊन दाराकडे वळलो. आतून चौकट कच्चीच होती. करवतीच्या खुणा, पेन्सिलीचे आकडे, सगळं तसंच. तीस वर्षांच्या सवयीने घात केला होता. मुहूर्ताला जेमतेम तास उरला होता.

कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, “कोण बघतंय रे? पडदा सोडू ना.”

खरंच, माणसांपैकी कोणी बघणार नव्हतं. त्याचीच मला जास्त लाज वाटली. धावत जाऊन हत्यारं आणली. चौकट भिंतीत पक्की बसलेली, कोपऱ्यात रंधा फिरेना. तिथे पटाशीने तासायला घेतलं. एक घाव चुकला असता तर पुढची वेल फुटली असती. बायको खाली बसून भुसा पदरात गोळा करत होती. बाहेर ताशा सुरू झाला. उजवी बाजू झाली, वरची झाली, डावी गुडघ्याखाली आली.

“बस कर आता! मुहूर्ताची वाट लावशील!” अध्यक्ष ओरडले.

मी मान वर केली. चौघांनी उचललेली मूर्ती उंबरठ्याशी येऊन थांबली होती. त्यांचे दंड कापत होते. भटजी म्हणाले, “अजून पाच मिनिटं आहेत. होऊ दे त्याचं.”

सेटवर माझ्यासाठी कधी कोणी पाच मिनिटं थांबलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, काही दिसेना. उरलेलं वीतभर लाकूड मी बोटांनी चाचपत घासत राहिलो, आणि मारुती माझ्यासाठी दाराबाहेर थांबला होता.