अर्ध्या शिडीवर

भिमाभाऊ कुणाच्याही घरी गेला की आधी पाणी घ्यायचा नाही. "पाणी राहू द्या आक्का, आधी मागचं दार दाखवा," म्हणायचा. दार उघडून बघायचा, खिडकीचे गज हलवायचा, मगच टेकायचा. आमचा शेजारी, जालन्याच्या अग्निशमन दलातला शिडीवरचा माणूस. जुन्या बाजाराच्या गल्लीत बंब शिरत नाही, तिथं हा शिडी खांद्यावर घेऊन पळायचा.

माझी धाकटी बहीण शांता एका शेठच्या गोदामात, वरच्या मजल्यावर कापडाच्या घड्या घालायची. बाया चहाला उतरू नयेत म्हणून शेठ जिन्याला बाहेरून कुलूप लावायचा. आग लागली त्या दुपारी मी तिचा डबा घेऊन गेले होते. शेठ नुसता खिसे चाचपत उभा. "थांबा, किल्ली सापडत न्हाई!" भिमाभाऊनं शिडी लावून गज तोडले, एकेक बाई खाली आणली. शेवटी शांता. ती गेली होती.

संध्याकाळी शेठ पोलिसांना सांगतो, "बायांनीच आतून कडी घातल्ती." बाकीच्या बाया मजुरीपायी गप्प. कुलूप पाहिलेले आम्ही दोघंच. आमचं कोण ऐकतो?

"आग विझती आक्का, मी न्हाई विझत," भिमाभाऊ म्हणायचा. रोज शेठच्या दुकानासमोर सायकल थांबवून घंटी वाजवायचा. मी म्हणायचे, वाजीव रे, अजून वाजीव.

मग एक दिवस शेठचंच घर पेटलं. शेठ वरच्या गॅलरीत, "वाचवा!" भिमाभाऊ चढला, त्याला खांद्यावर घेतलं, धुरातून बाहेर काढलं आणि अर्ध्या शिडीवर थांबला.

"शेठ, त्या दिवशी कुलूप कोणी लावलं?"

"अरे बाबा, खाली घे, जल्दी!"

"मला घाई न्हाई. मोठ्यानं बोला, खाली आक्का उभ्या हायेत."

"मी! मीच लावलं!"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं, बंदोबस्ताच्या पोलिसानंही. शेठ तुरुंगात गेला. भिमाभाऊला दलातल्या साहेबांनी शिडीवरून काढून पाइप धुवायला बसवलं. "धुतो की! माझं काम बराबर झालंय," म्हणून हसला.

त्याची धुरानं खाल्लेली छाती यंदा थांबली. घरात त्याला ठेवलेलं, मी दाराशी बसलेली. जामिनावर सुटलेला शेठ हार घेऊन येताना दिसला, तशी मी उठून आतून कडी घातली.

"आक्का, दार उघडा. दर्शन घेऊन जातो."

"थांबा शेठ," मी म्हटलं, "किल्ली सापडत न्हाई."