बैलाच्या पाठीवरचा हत्ती

हे म्या कोणाले सांगतलं नाई. नवऱ्याले नाई, मायले बी नाई. तुमाले सांगून राह्यली... मंग तुमी काय म्हणाचं ते म्हणा.

घाटंजीले आमच्या गल्लीत एक काकू राहे. तिच्या पेटीत तिच्या लहानपणची लेकरायची मासिकं होती. पिवळी पडलेली, हात लावला का कोपरा तुटे. पण चित्रं! कोट घालून छत्री धरलेला हत्ती. मिशीवाला चांद. लाल रंग रेघेच्या भाईर सांडलेला. असा हत्ती कुठी असते का? नसते, म्हणूनच डोळा हटत नसे. काकू म्हणे, "पहिले हात धुवा पोरीहो, मंग पाहा." मी अन् रुखमी, दोघी फ्राकले हात पुसून बसो. रुखमी शाळेत जात नसे, मायसंग कापूस येचाले जाये. वाचता येत नसे तिले. चित्रंच होते तिचे — दुसरं काय होतं?

तान्हा पोळा आला. लेकरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात नं, तो. माहा बैल सगळ्यायहून चांगला दिसला पाह्यजे होता. म्या — म्या काकूची नजर चुकवून ब्लेडनं तो हत्ती कापला. बैलाच्या पाठीवर चिकटवला. मंग ध्यानात आलं. बैल घेऊन काकूच्या दारी बी जा लागते! हे डोक्यातच नव्हतं आलं. घाईघाईनं वरून चमकी कागद चिकटवला.

पोळा झाल्यावर आमी दोघी चित्रं पाहाले गेलो, तं काकूनं भोकाचं पान दाखवलं. "कोणं केलं व हे?"

मी पटकन बोलली, "रुखमीच्या हातात ब्लेड होती, काकू."

"म्या नाई केलं वो काकू. हात धुतले म्या, पाहा नं." ओले हात तसेच पुढं केलते तिनं.

काकूनं पेटी लावली. रुखमी मंग त्या दारात दिसली नाई. अन् मी? मी जात राह्यली. तिच्या जागेवर पाय पसरून चित्रं पाहे. थू माह्या जिनगानीवर!

अवंदा मायनं तोच बैल इथं दिग्रसले माह्या पोरीसाठी पाठवला. चार वर्साची हाये. तिनं नखानं कागद सोलला. "आई, हत्ती! छत्रीवाला!" कशी हासली ती! म्या बैल हिसकला, तो फरशीवर पडला, शिंग तुटलं.

सासू धावत आली. "काहून व, कोणं तोडलं?"

"हिनंच," म्या म्हटलं. अन् खरं वाटावं म्हणून पोरीच्या गालात दिली.

"म्या नाई तोडलं, आजी..."

माह्याच तोंडाची मले किळस आली. पोरीचे शब्द बी रुखमीचेच.

दुसऱ्या दिवशी दुकानातून चमकी कागद आणला. हत्तीवर चिकटवला, कोपरे दाबून दाबून. पोरगी दाराशी उभी राहून पाहात होती. जवळ आली नाई.