दसऱ्याचं तेल आणि येऊरचा उतार

देवावर रुसणं म्हणजे काय, ते मी आजारपणात शिकले. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो, मग रेडिएशन, आणि एवढं सगळं सोसून उठल्यावर भेटणारा जो तो म्हणणार, "देवाची कृपा हो!" असा संताप यायचा म्हणून सांगू! कृपाच करायची होती तर आधीच नसती का केली? देवघरात दिवा सासूबाई लावायच्या. मी लांबूनच हात जोडल्यासारखं करायचे आणि स्वयंपाकघरात निघून जायचे. त्यांना ते दिसायचं.

आजाराआधी माझा एकच शौक होता, सायकल. आम्ही वर्तकनगरला राहतो, त्यामुळे उपवनच्या तळ्याला वळसा घालून येऊरचा डोंगर चढणं हा माझा रविवारचा नेम. जाड टायरची, गिअरची, डिस्क ब्रेकची सायकल मी हौसेनं घेतलेली. आजारपणानंतर मात्र घरच्यांनी मला काचेचं भांडं करून टाकलं. बादली उचलू नकोस, जिना चढू नकोस, उन्हात जाऊ नकोस. मी हट्टाने पुन्हा सायकल बाहेर काढली तेव्हा आमचे हे म्हणाले, "एकदा जरी पडून आलीस ना, तर मी ती विकून टाकीन. सांगून ठेवतोय." त्यांची भीती मला कळत होती. पण ती सायकल गेली असती तर मी कायमची पेशंट होऊन बसले असते, हे त्यांना कसं सांगणार? मी ठरवलं, दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं. येऊरचा चढ एकटीने, पाय न टेकता चढायचा आणि धडधाकट घरी यायचं. मग बघू कोण मला पेशंट म्हणतं ते.

खंडेनवमीला सासूबाईंनी सायकलची पूजा केली. माझे सासरे कंपनीत लेथ मशीनवर होते. त्यांचे पाने, पक्कड, कानशी सासूबाई दर वर्षी पुसून, तेल लावून पाटावर मांडायच्या. सासरे गेले, हत्यारंही कुठे कुठे गेली, पण सासूबाईंचे हात स्वस्थ बसेनात. त्यामुळे आता मान माझ्या सायकलला. मी आत श्रीखंडाचा चक्का फेटत होते. बाहेर आले तेव्हा हँडलला झेंडूची माळ, सीटवर हळदकुंकू, आणि सायकल कशी लखलखत होती! "घ्या, झाली नवीकोरी," त्या म्हणाल्या. मलाही बरं वाटलं. मी नीट बघितलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी निघाले. हेल्मेट, ग्लोव्ज, पाण्याची बाटली, सगळं जागच्या जागी. उपवनच्या आधी एकदा ब्रेक जरा ढिला वाटला. पण ऑपरेशननंतर माझा डावा हात कमजोरच आहे. म्हटलं, हा हातच मेला कुचकामी, आणि पुढे निघाले. चढाला ब्रेक लागतोच कुठे! सगळ्यात हलका गिअर टाकला आणि दात-ओठ खात चढत राहिले. मांड्या भरून आल्या, श्वास पुरेना. एका वळणावर दोन पोरं मागून सुळकन पुढे गेली आणि जाता जाता ओरडली, "आंटी, एक नंबर!" आंटी काय, आजी म्हणाली असती तरी मला चाललं असतं. मी पाय टेकला नाही. वर सपाटी लागली तेव्हा मला रडू फुटलं. पण तेव्हाही देवाचं नाव नाही आलं तोंडात. मी मनात म्हटलं, हे माझं मी केलं, यात कुणाची कृपाबिपा नाही.

थांबायचं नव्हतंच. तशीच वळून परत निघाले. सपाटी संपून उतार लागतो त्याच्या थोडं अलीकडे एक टेम्पो उभा होता. कोळीवाड्यातली माणसं असावीत, वरच्या देवीला आलेली. त्यातल्या एक आजी, केसांत अबोलीची वेणी, काष्ट्याचं लुगडं, सरळ रस्त्याच्या मधोमध येऊन हात हलवायला लागल्या. "गो बाय, थांब ना! सोना घे, सोन्यासारी रव!"

आपट्याचं पान कुणी पुढे केलं तर दसऱ्याला न घेता कसं जायचं? मनात चरफडले, पण दोन्ही ब्रेक दाबले. सायकल अशी केकाटली की झाडावरचे पक्षी उडाले, पण थांबली मात्र नाही! आजी चपळ, टुणकन बाजूला झाल्या. मी पाय घासत, "अहो सरका, सरका" ओरडत रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगाऱ्यात पुढचं चाक घुसवलं तेव्हा कुठे थांबले. समोर दहा पावलांवर उतार सुरू होत होता, आणि पुढे ते आंधळं वळण.

"ब्रेक नाय का गो तुझ्या सायकलीला?" आजी धापा टाकत आल्या. मी खाली वाकून चाकाच्या डिस्कवर बोट फिरवलं. बोट गुळगुळीत. वास घेतला, तिळाचं तेल! पुढच्या डिस्कला तेल, मागच्या डिस्कला तेल, वर कुंकवाचं बोट. सासूबाईंनी ती गोल पोलादी तबकडी गंजू नये म्हणून किती मायेनं चोळली असेल! डिस्कला तेलाचा थेंब चालत नाही, ब्रेक पकडच घेत नाही, हे मला माहीत, त्यांना कुठून माहीत असणार? मी तिथेच मातीत बसले.

बसले तरी हेका सुटेना. म्हटलं, "मी चालत उतरते. सायकल हातात धरून." आजींनी माझ्याकडे असं बघितलं, माझी आईच जणू. "चढलीस ना तुझ्या पायानी? बस झाला. उतरताना बस आमच्यात. सगला आपनच करायचा असतंय काय गो?"

त्या वाक्याने माझ्यातलं काहीतरी सुटलं. इतके महिने मी मूठ आवळून बसले होते. सायकल टेम्पोत आडवी घातली आणि मी त्या बायकांत जाऊन बसले. जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते त्या परक्या आजींना सांगितलं. मला मरणाची भीती वाटते, रोज वाटते, आंघोळ करताना हात गाठ शोधत राहतो. त्यांनी माझा डावा हात मांडीवर घेऊन चोळला, बस्स. टेम्पोतून उतरताना मी विचारलं, "तुम्ही मलाच का हो थांबवलंत?" तर हसल्या. "येकच पान रायला होता. म्हटला, येल त्या पयल्या मानसाला देऊ."

घरी आले आणि सगळं खरं सांगितलं. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे माझ्या हातून..." मी त्यांना मिठी मारली. "आई, तुमच्या तेलाने मी घसरले नाही. घसरायच्या आधी मला कुणीतरी हाक मारली." मग त्या संध्याकाळी किती तरी महिन्यांनी देवघरातला दिवा मी लावला. त्या शेजारी उभ्या राहून डोळे पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी बघते तर आमचे हे स्पिरिटची बाटली आणि चिंधी घेऊन गॅलरीत बसलेले, डिस्क घासतायत. "ब्रेकपॅड नवेच टाकावे लागणार म्हणतोय दुकानवाला," एवढंच म्हणाले. विकण्याची गोष्ट कुणी काढली नाही.

त्या आजींना मी पुन्हा शोधलं, भेटल्या नाहीत. कोण होत्या, हा वाद मी घालत नाही. माझ्यासाठी त्या आल्या होत्या, एवढं पुरे. अजूनही दर तीन महिन्यांनी तपासणी असते, अजूनही रिपोर्ट हातात येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. पण आता मूठ आवळलेली नसते. येऊर चढायचं ते मी माझ्याच पायांनी चढते, त्यात कुणाचं ऐकत नाही. वर पोचलं की सपाटीवरच दोन्ही ब्रेक दाबून बघते, हेल्मेटचा पट्टा आवळते आणि उतार लागायच्या आधी मनात देवीला म्हणते, "चल आई, बस डबलसीट."